उन्हातलं प्लास्टिक: दुकानात रोज विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत आमचं दुकान आहे. टाक्या, पाईप, ताडपत्र्या, खुर्च्या, दोऱ्या, बादल्या, जे काय प्लास्टिकचं मिळतं ते सगळं. त्याआधी नऊ वर्षं मी शिरोली एमआयडीसीत मोल्डिंगच्या मशीनवर काढली, त्यामुळं प्लास्टिकचा कच्चा दाणा मशीनमध्ये जातानाही बघितलाय आणि त्याच दाण्याची खुर्ची मोडून गिऱ्हाईक भांडायला आलेलंही बघितलंय. रोज तेच तेच प्रश्न येतात आणि काउंटरवर गर्दी असली की धड उत्तर देता येत नाही, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. लांब झालंय, पाहिजे तेवढंच वाचा.

उन्हात ठेवलेलं प्लास्टिक तडकतं ते उष्णतेनं ना?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि उत्तर आहे की मुख्य गुन्हेगार उष्णता नाही. उन्हात जे अल्ट्राव्हायोलेट किरण असतात, ज्याला आपण यूव्ही म्हणतो, ते काम करतात. जमिनीवर पोचणाऱ्या उन्हात यूव्हीचा वाटा ५ टक्क्यांच्या आसपासच असतो, पण सगळी खोडी त्या ५ टक्क्यांची. २९० नॅनोमीटरच्या खालचे किरण वरचा ओझोनचा थर अडवतो, २९० ते ४०० मधले खाली येतात.

आता आत काय होतं ते बघा. प्लास्टिक म्हणजे लांबच लांब साखळ्या, एकमेकीत गुंतलेल्या. शेवयांचा गुंता डोळ्यासमोर आणा, लांब शेवया असल्या की गुंता उचलला तरी सुटत नाही. यूव्ही पडलं की साखळीत एखाद्या ठिकाणी बंध तुटतो, तिथं हवेतला ऑक्सिजन येऊन चिकटतो, त्यातनं अजून दोन-चार ठिकाणं बिघडतात आणि असं करत करत लांब शेवयांचा चुरा होतो. चुरा गुंतून राहत नाही. म्हणून आधी जी बादली दाबली की वाकायची ती आता दाबली की टचकन तडकते. उष्णता या सगळ्याला हातभार लावते, रिॲक्शनचा वेग वाढवते, पण अंधाऱ्या खोलीत तेवढ्याच गरमीत ठेवलेली बादली अशी मरत नाही. उन्हात काम करणारे दोघं आहेत, यूव्ही आणि ऑक्सिजन, आणि पाठीमागनं ढकलणारी उष्णता. पाऊस येतो आणि तयार झालेला चुरा धुऊन नेतो, म्हणजे आतला ताजा थर परत उन्हाला उघडा.

पण कोल्हापुरात कुठं एवढं ऊन? विदर्भात ४५ डिग्री असतंय, आपल्याकडं तर गारवा.

गारवा आहे हे मान्य, पण थर्मामीटर यूव्ही मोजत नाही. आपण साधारण पावणेसतरा अक्षांशावर आहोत, म्हणजे वर्षातनं दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो, एकदा मेच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास आणि एकदा ऑगस्टच्या सुरुवातीला. शून्य सावलीचा दिवस म्हणून पेपरात येतो तोच. ऑगस्टला ढग असतात म्हणून लक्षात येत नाही. सूर्य जेवढा सरळ वर तेवढी किरणांना हवा कमी कापायला लागते आणि यूव्ही जास्त खाली पोचतं. शिवाय शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच, त्यानंही थोडी भर पडते. आणि पातळ ढगातनं यूव्ही बऱ्यापैकी गळतं, त्यामुळं "आज ऊनच नाही" असं आपल्याला वाटत असतं, प्लास्टिकला नाही.

वर पुन्हा चार महिने पाऊस. जगात प्लास्टिक आणि रंग तपासायला ज्या दोन जागा प्रसिद्ध आहेत त्या अमेरिकेतल्या, एक फ्लोरिडा, गरम आणि दमट, दुसरी ॲरिझोना, गरम आणि कोरडी. आपल्याकडं मार्च ते मे ॲरिझोना आणि जून ते सप्टेंबर फ्लोरिडा. गगनबावड्याकडच्या गिऱ्हाईकांना तर फ्लोरिडाही कमी वाटेल.

खराब व्हायला लागलंय हे कसं ओळखायचं?

बोट फिरवा. एवढंच. टाकीवरनं, खुर्चीच्या पाठीवरनं बोट फिरवलं आणि बोटाला पीठ लागलं, खडूसारखं, तर वरचा थर मेलेला आहे. धूळ आहे का पीठ हे कळत नसेल तर ओल्या फडक्यानं पुसा, वाळू द्या, परत बोट फिरवा. परत लागलं तर धूळ नाही.

दुसरी खूण म्हणजे चकाकी जाते, रंग फिका आणि मळकट पांढरट दिसायला लागतो. तिसरी, जवळ जाऊन तिरप्या उजेडात बघितलं की बारीक बारीक रेघा दिसतात, वाळलेल्या तळ्याच्या चिखलासारख्या, फक्त फार बारीक. या रेघा आल्या की पुढची पायरी तडा, कारण ताण पडला की तो त्याच रेघेत जाऊन बसतो. आवाजही बदलतो, चांगल्या बादलीवर टिचकी मारली तर भद्द वाजते, मेलेली कडक ठणठण वाजते. हे मी शास्त्र म्हणून नाही सांगत, वीस वर्षं टिचक्या मारून सांगतोय.

यूव्ही स्टॅबिलाइज्ड लिहिलेलं असतं त्यात नक्की काय घातलेलं असतं?

तीन प्रकारचे पहारेकरी आहेत असं समजा. पहिला सावली करणारा, म्हणजे कार्बन ब्लॅक, साध्या भाषेत काजळी. किरण आत जाऊच देत नाही. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात भारी. पाण्याच्या एचडीपीई, म्हणजे दाट पॉलिथिनच्या, पाईपच्या भारतीय मानकात, आयएस ४९८४ मध्ये, कार्बन ब्लॅक अडीच टक्के, अर्धा टक्का इकडं-तिकडं, असं स्पष्ट दिलंय. म्हणून ते पाईप काळे असतात, कंपनीला काळा रंग आवडतो म्हणून नाही. पांढऱ्या मालात हेच काम बऱ्यापैकी टायटॅनियम डायॉक्साइड करतं.

दुसरा किरण गिळणारा. हे रंगहीन केमिकल असतं, यूव्ही शोषतं आणि त्याची उष्णता करून सोडून देतं. तिसरा, ज्याला धंद्यात हॅल्स म्हणतात, तो किरण अडवत नाही, साखळी तुटल्यावर जो बिघाड पसरायला लागतो तो धरून थांबवतो, आणि गंमत म्हणजे काम झाल्यावर परत तयार होऊन पुढच्या कामाला लागतो.

पण तिघातला एकही अमर नाही. विशेषतः दुसरा आणि तिसरा हळूहळू संपत जातात, पावसात थोडे धुऊन जातात. स्टॅबिलायझर म्हणजे टाकीत भरलेलं पाणी समजा, रोज थोडं खर्च होतं. एक दिवस तळ लागतो आणि मग जे प्लास्टिक पाच वर्षं जसंच्या तसं होतं ते सहाव्या वर्षी एका उन्हाळ्यात झपाट्यानं जातं. लोक म्हणतात "अचानक काय झालं?" अचानक काहीच झालेलं नसतं.

टाकी काळी घ्यावी का पांढरी?

सिंगल लेयर घेणार असाल तर काळी, डोळे मिटून. पांढरी सिंगल लेयर टाकी उजेड आत सोडते आणि आत शेवाळ धरतं, दोन महिन्यांत पाण्याला वास. तीन-चार थरांची असेल तर बाहेरचा थर पांढरा किंवा फिका, आतला कुठला तरी थर काळा असला पाहिजे. तो काळा थर उजेड अडवायला, बाहेरचा पांढरा पाणी कमी तापायला. झाकण उघडून आत मोबाईलची बॅटरी बंद ठेवून बघा, भर दुपारी आतनं भिंतीतनं उजेड दिसत असेल तर घेऊ नका. आणि आयएस १२७०१ चा शिक्का बघा, पॉलिथिनच्या टाक्यांचं ते मानक आहे.

काळी टाकी जास्त तापते म्हणून लवकर जाते का, असं विचारतात. तापते जास्त हे खरं. पण काजळी जे वाचवते ते तापण्यानं जे जातं त्यापेक्षा लई जास्त आहे. आणि टाकी भरलेली असली की पाणी तिला थंड ठेवतं, रिकामी टाकी उन्हात जास्त तापते.

टाकी धडधाकट आहे, झाकणच दर दोन वर्षांनी का मोडतं?

कारण झाकण आकाशाकडं तोंड करून असतं, दुपारचं सगळं ऊन अंगावर, आणि टाकीपेक्षा पातळ असतं. टाकीच्या उभ्या बाजूवर दुपारचं ऊन तिरपं पडतं. आणि टाकी साफ करणारा माणूस त्याच झाकणावर पाय देऊन उभा राहतो, ते वेगळं. झाकण मोडलं की लगेच बदला हो, वीट ठेवून दिवस काढू नका, आत उजेड आणि डास दोन्ही जातात आणि डेंग्यूच्या सीझनला मग पालिकेचे लोक येऊन टाकी ओतायला लावतात.

जड खुर्ची म्हणजे मजबूत खुर्ची ना?

नाही, आणि इथं मला थोडं जास्त बोलायचंय.

खुर्ची पॉलिप्रोपिलिनची असते, धंद्यात पीपी. पीपी स्वतः हलकं, पाण्यावर तरंगतं. माल स्वस्त करायला त्यात कॅल्शियम कार्बोनेट घालतात, म्हणजे खडूच्या पावडरीचा भाऊ. थोडं घातलं तर चालतं, ताठपणा येतो, पण काही जण हात सैल सोडून घालतात. खुर्ची जड होते, गिऱ्हाईक उचलून बघतं, "वा, वजन आहे" म्हणतं आणि घेऊन जातं. वजन दगडाचं असतं.

त्यात पीपी हे मुळातच उन्हाला कच्चं. पॉलिथिनच्या साखळीला पीपीइतके फाटे नसतात. पीपीच्या साखळीला दर एका कार्बनाआड एक फाटा फुटलेला असतो आणि त्या फाट्याच्या बुंध्याशी हायड्रोजन सैल बसलेला असतो, तिथंच पहिला घाव पडतो. म्हणून स्टॅबिलायझर न घातलेली पीपी उन्हात काही महिन्यांत हाय खाते, पॉलिथिन जरा दम धरतं.

आमच्या घरच्या वास्तुशांतीची गोष्ट. गच्चीवर पंगत, मांडववाल्याकडनं भाड्यानं खुर्च्या आणलेल्या, लाल, बऱ्याच जुन्या, पाठीवर पांढरट झाक आलेली. मी बघितलं पण गडबडीत बोललो नाही. आमच्या थोरल्या आत्याचे यजमान, अंगानं भारदस्त, तांबड्या रश्श्याची वाटी हातात घेऊन मागं रेलले आणि मागचा उजवा पाय जिथं बैठकीला जोडलेला असतो तिथनं खुर्ची फाटली. वाकली नाही, फाटली, काच फुटल्यासारखी. मामांना फक्त खरचटलं, धोतर मात्र कायमचं तांबडं झालं. नंतर मी तो तुकडा उचलून बघितला. बाहेरनं अर्धा मिलिमीटरही नसेल एवढा थर पांढरा आणि भुसभुशीत, नखानं खरवडला तर पीठ पडत होतं, आणि आतला सगळा गाभा लालभडक, चांगला. गाभा चांगला असून खुर्ची का गेली? कारण वरच्या मेलेल्या थरात रेघ पडली की ती रेघ धावत धावत चांगल्या गाभ्यातही शिरते. कापडाला कात्रीनं जरासं टोक मारलं की पुढं सगळं हातानं फाटतं, तसं.

म्हणून खुर्ची घेताना उचलू नका, पाठ वाकवून बघा. चांगली पीपी वाकते आणि परत येते. वाकवल्या ठिकाणी लगेच पांढरा डाग उमटला आणि तसाच राहिला तर फिलर, म्हणजे ती खडूची पावडर, बहुतेक जास्त आहे.

रिसायकल मालाचं घ्यायचंच नाही का?

घरात वापरायच्या गोष्टींना घ्या की, मोरीतला डबा, कचऱ्याची बादली, काय बिघडत नाही. गच्चीवर ठेवायच्या गोष्टीला नको. शुद्ध पॉलिथिन यूव्ही फारसं गिळतच नाही. गिळतात ते त्यात आधी झालेले बिघाड, ऑक्सिजन चिकटलेल्या जागा. भंगारातला दाणा म्हणजे एकदा-दोनदा वितळलेला, त्यातलाही काही उन्हात पडलेला, म्हणजे त्या जागा आधीच भरपूर. बिघाडाची सुरुवात झालेली असते, आपण पुढचं पान उघडतो एवढंच. नीट स्टॅबिलायझर घालून चांगला रिप्रोसेस माल करता येतो, करणारे आहेत, पण बादली ज्या भावात विकली जाते त्या भावात कोण घालणार?

पीव्हीसीचे पाईप गच्चीवर पिवळे-तपकिरी पडलेत. बदलायचे का?

लगेच नको. पीव्हीसीचं मरण वेगळ्या जातीचं आहे. त्याच्या साखळीतनं क्लोरीन आणि हायड्रोजन सुटून जातात, मागं जी साखळी उरते ती रंग दाखवायला लागते, आधी पिवळी, मग तपकिरी. हा रंग अगदी वरच्या पातळ थरातच असतो. आतला पाईप पाण्याचा दाब पूर्वीसारखाच सोसतो. कमी होतं ते मार सोसणं. म्हणजे नुसता उभा असलेला पाईप अजून वर्षानुवर्षं पाणी देईल, पण पोरांनी बॉल मारला, प्लंबरनं पाना आपटला, शिडी टेकवली की तडा. म्हणून पिवळा पाईप दिसला की बदलू नका, त्याच्याशी नीट वागा.

वाकडे झालेले पाईप हा वेगळा विषय, तिथं मात्र उष्णताच. पीव्हीसी तापलं की लांब होतं, ६ मीटरचा पाईप ३० डिग्रीनं तापला तर साधारण ११-१२ मिलिमीटर वाढतो. दोन्हीकडं करकचून क्लॅम्प मारले असतील तर तो वाढ कुठं ठेवणार, पोट काढतो. क्लॅम्प जरा सैल ठेवा, पाईप त्यातनं सरकला पाहिजे.

पाईपला रंग मारला तर?

उत्तम. फिका वॉटरबेस ॲक्रिलिक रंग, भिंतीला बाहेरनं मारतो तोच. आधी हलका घासपेपर. ऑइलपेंट आणि थिनरवाले रंग नकोत, विशेषतः गरम पाण्याच्या क्रीम रंगाच्या सीपीव्हीसीला, थिनरनं त्याला आतनं बारीक तडे जातात. पॉलिथिनच्या टाकीला आणि पीपीच्या खुर्चीला रंग मारायच्या भानगडीत पडू नका, धरतच नाही, पहिल्या पावसात पापुद्रे निघतात.

पार्किंगवर पॉलिकार्बोनेटचं शेड केलं, दीड वर्षात पिवळं पडलं. माल डुप्लिकेट होता का?

असू शकतो, पण आधी वर चढून बघा की शीट उलटी बसवलीय का. पॉलिकार्बोनेट मजबूत आहे, हातोडा सोसतं, पण नुसतं असेल तर उन्हात पिवळं पडतं, म्हणून कंपनी त्याच्या एका बाजूला यूव्ही अडवणारा पातळ थर देते. बहुतेक शीटला एकाच बाजूला. ती बाजू कुठली हे संरक्षक फिल्मवर छापलेलं असतं आणि ती आकाशाकडं आली पाहिजे. आमच्याच दुकानामागच्या शेडला फॅब्रिकेटरनं आधी फिल्म फाडून टाकली, मग शीटा एकावर एक ठेवल्या, मग चहाला गेला. परत आल्यावर कुठली बाजू कुठली हे देवालाही माहीत नव्हतं. आज त्या शेडकडं खालनं बघितलं तर एक शीट स्वच्छ, एक पिवळी, एक स्वच्छ, दोन पिवळ्या. मी ते मुद्दाम बदललेलं नाही, गिऱ्हाईकांना दाखवायला बरं पडतं.

फिल्म आधीच सगळी फाडू नका, बसवल्यावर लगेच सगळी काढा, ठेवली तर उन्हानं चिकटून बसते. पुसायला पाणी आणि साधा साबण. थिनर, ॲसिटोन, अमोनियावालं काच-क्लीनर अजिबात नाही.

ताडपत्री किती जीएसएमची घ्यावी?

जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं वजन, उन्हाची गॅरंटी नाही. २५० ची यूव्ही स्टॅबिलायझर नसलेली ताडपत्री १२० च्या स्टॅबिलायझरवाल्या ताडपत्रीच्या आधी फाटू शकते. जाडीचा थोडा फायदा होतो, पण विचारायचा प्रश्न हा की यूव्ही स्टॅबिलायझर आहे का आणि बिलावर लिहून देणार का.

वैरणीच्या गंजीवर टाकणारे एक चूक हमखास करतात, ताडपत्री घट्ट ओढून दगड बांधतात आणि वाऱ्यानं ती फडफडत राहते. ऊन तिला कडक करतं आणि फडफड त्या कडक झालेल्या जागी घडी घालते. फाटते ती घडीवर. आणि सीझन संपला की ताडपत्री तशीच गोठ्याच्या पत्र्यावर टाकून ठेवू नका. धुवा, वाळवा, गुंडाळून अंधारात ठेवा. २०१९ च्या महापुरात किती जणांनी माळ्यावरनं काढलेली जुनी ताडपत्री सहज वापरली आणि किती जणांची गोठ्यावरची उलगडतानाच हातात चिंध्या झाली ते मी बघितलंय.

नायलॉनची दोरी हाताला टोचते, बारीक कुसळं लागतात.

ती नायलॉन नाही हो. बाजारात नायलॉन म्हणून जी स्वस्त रंगीत दोरी मिळते ती बहुतेक पीपीची नाहीतर एचडीपीईची असते. पाण्यात टाका, तरंगली तर नायलॉन नाही, नायलॉन बुडतं. कुसळं म्हणजे वरचे धागे उन्हानं मेलेले. कुसळं आलेल्या दोरीवर कपडे वाळवा, म्हैस बांधू नका. विहिरीच्या मोटरला तर नकोच नको.

कपड्यांच्या चिमट्यांचंही हेच, स्प्रिंग दणकट राहते आणि प्लास्टिक बोटात मोडतं. वापरून झाले की दोरीवर तसेच सोडायचे नाहीत, डब्यात टाकून आत आणायचे. आमच्या वहिनी हसल्या होत्या, आता त्यांचे चिमटे तिसऱ्या वर्षात आहेत.

पॉलिहाऊसचा कागद पाईपाजवळच का फाटतो?

शिरोळ-हातकणंगल्याकडची बरीच मंडळी विचारतात. सांगाड्याचा जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी, पाईप उन्हात तापतो आणि त्याला टेकलेला कागद, म्हणजे वरची प्लास्टिकची फिल्म, तिथं भाजतो, बाकीच्या कागदापेक्षा तेवढीच पट्टी लवकर म्हातारी होते. जिथं कागद टेकतो तिथं पाईपला पांढरा रंग मारा, खर्च किरकोळ.

दुसरं कारण कुणी सांगत नाही, ते फवारणी. वर हॅल्स सांगितला ना, तो ॲसिडला भितो. गंधक आणि क्लोरीन असलेली औषधं कागदावर बसली की त्याला निकामी करतात. गंधकाची धुरी देणाऱ्यांचा २०० मायक्रॉनचा कागद तीन वर्षांच्या गॅरंटीचा असून आधीच जातो आणि मग दुकानदाराशी भांडण. गॅरंटीच्या कागदावर बारीक अक्षरात हे बहुतेक लिहिलेलं असतं. फवारणीनंतर वारा खेळू द्या आणि कागद अधूनमधून पाण्यानं धुवा.

शेततळं आणि ठिबक?

शेततळ्याचा कागद पाण्याखाली असतो तोवर खुशाल. मरते ती काठावरची उघडी पट्टी, पाणी खाली गेल्यावर जी उन्हात तापते ती. काठ मातीनं झाका. ठिबकच्या नळ्या काळ्या असतात, उसाचा पाला एकदा वर आला की त्या सावलीतच राहतात, त्यामुळं उसातली नळी ऊन खाऊन मेल्याची तक्रार माझ्याकडं कमी येते. उंदरानं खाल्लेली आणि पाचट पेटवताना वितळलेली, या दोन तक्रारी मात्र दर सीझनला.

लाल रंगच का विटतो, निळा का नाही?

रंगद्रव्यावर आहे. स्वस्त लाल आणि पिवळी सेंद्रिय रंगद्रव्यं उन्हाला कच्ची असतात, तर निळ्या-हिरव्यासाठी जे थॅलोसायनीन वापरतात ते फार चिवट. विटकरी लाल, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडचा, टिकतो. रंग विटला म्हणजे प्लास्टिक मेलंच असं नाही, पण बोट फिरवून बघा.

गाडीचे काळे पार्ट पांढरे पडलेत, खोबरेल तेल लावू का?

लावा, दोन दिवस चकाकेल. तेल त्या बारीक खडबडीत रेघांत भरतं आणि परत काळं दिसतं, बरं झालेलं काही नसतं, वर धूळ चिकटते. तुटलेली साखळी परत जोडणारं तेल, पॉलिश, क्रीम बाजारात नाही, कितीही जाहिरात येऊ दे.

हेडलाईट मात्र खरोखर साफ होतात, कारण तिथं पिवळा झालेला थर वरचा कोटिंगचा असतो. पाण्याबरोबर ८०० पासून २०००-३००० पर्यंत पेपर मारत जायचं आणि शेवटी यूव्हीवाला क्लिअर कोट. शेवटचा कोट नाही मारला तर सहा महिन्यांत पूर्वीपेक्षा वाईट. टूथपेस्टनं घासणारे हा कोट मारत नाहीत, म्हणून त्यांना दर दोन महिन्यांनी टूथपेस्ट लागते.

काचेच्या आत, गॅलरीत ठेवलं तर?

फरक पडतो. साधी काच तीव्र यूव्हीचा मोठा भाग अडवते, मवाळ यूव्ही आत येतं. आयुष्य वाढतं, अमरपट्टा मिळत नाही. नुसत्या साध्या सावलीचा फायदा मात्र कुठल्याही केमिकलपेक्षा जास्त. टाकीवर चार पत्रे टाकायला जो खर्च येतो तेवढ्यात टाकीचं आयुष्य सहज वाढतं, पण हे सांगितलं की लोक मला म्हणतात तुम्ही टाक्या विकता का पत्रे.

मोडलेलं प्लास्टिक बंबात घातलं तर पाणी झटकन तापतं…

माहीत आहे, पेठांमधनं सकाळी सहाला फिरलं की वास येतो. पीव्हीसीचा तुकडा, पाईप, वायरीचं कोटिंग, जुनं रेक्झिन, हे बंबात गेलं की हायड्रोक्लोरिक ॲसिडचा धूर निघतो आणि डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यं तयार होतात. त्या ॲसिडनं बंबाचं तांबंही खाल्लं जातं, हे सांगितलं की मात्र लोक ऐकतात, फुफ्फुसाचं सांगून ऐकत नाहीत. बाकीचं प्लास्टिकही जाळू नका.

आणि भुसभुशीत झालेली ताडपत्री किंवा बादली परसात, गटारीत पडू देऊ नका, त्याचा भुगा होत होत डोळ्याला न दिसण्याएवढा होतो आणि मातीत जातो, पावसाबरोबर ओढ्यातनं पंचगंगेत. पूर्ण पीठ व्हायच्या आत भंगारवाल्याला द्या. पीठ व्हायला लागलेली खुर्ची भंगारवालाही भाव पाडून घेतो, बोट फिरवून बघतो तोही.